उजनीचं पाणी निवडताना

उपग्रहाच्या चित्रात पाणी निळं दिसतं, हा समज उजनीचं एकच चित्र उघडलं की गळून पडतो. भीमेवरचा हा जलाशय कुठे काळपट, कुठे मातकट, तर काही फाट्यांत चक्क शेवाळी. 2024च्या उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे मृतसाठ्यालाही हात लागला. तेव्हा पाणी नेमकं कुठवर हटलं हे पाहायला मी सेंटिनेल-2ची मे महिन्यातली आणि पावसाळ्यानंतरची चित्रं उतरवून घेतली. ती फुकट मिळतात. हाताशी सॉफ्टवेअरही फुकटचंच होतं, फोटो दुरुस्तीचं गिम्प.

त्यातलं ‘फझी सिलेक्ट’ म्हणजे फोटोशॉपवाल्यांची मॅजिक वाँड. क्लिक केलेल्या पिक्सेलच्या रंगाशी जुळणारे शेजारचे पिक्सेल ती गोळा करत जाते. किती फरक चालवून घ्यायचा, ते थ्रेशोल्डवर ठरतं. तो कमी ठेवला तर जलाशयाचा मधला तुकडाच हाती लागतो. वाढवला तर निवड काठ ओलांडून थेट इंदापूरच्या उसात शिरते. हिरवट पाणी आणि हिरवा ऊस यांत तिला फरक कळत नाही.

इलाज निळ्या-हिरव्यात नाही, अवरक्तात आहे. पाणी निकट-अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेतं, तर हिरवं पीक तो भरपूर परत पाठवतं. ‘फॉल्स कलर’ चित्रात हा प्रकाश लाल रंगाच्या जागी बसवलेला असतो. त्यामुळे ऊस लालभडक आणि पाणी काळंशार. मॅकफीटर्स यांनी 1996मध्ये मांडलेला पाण्याचा निर्देशांक याच गुणावर उभा आहे. गिम्पमध्ये ‘सिलेक्ट बाय कलर’ घेऊन निकष फक्त ‘रेड’ ठेवला, की जलाशय उचलला जातोच, आसपासची मोठी शेततळीही सोबत येतात.

पण अवरक्तही फसतं. ढगांच्या सावल्या पाण्याइतक्याच काळ्या. जलपर्णी उलट वागते: ती वनस्पती असल्याने लाल चमकते आणि तिच्याखालचं पाणी निवडीतून गायब होतं. अशा ठिकाणी क्विक मास्क लावून ब्रशने हातानेच भर घालावी लागते. जलपर्णीखालचं पाणी मी जलाशयातच धरतो. ते सोडून देणं म्हणजे उजनी उगाच आटवणं. पाणी ओसरलं की जलाशयात बुडालेलं पळसदेवचं मंदिर बघायला गर्दी होते, पण 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये ते ओळखू येत नाही.

मोजणी त्यामानाने सोपी. फेदर आणि अँटीअलायझिंग बंद ठेवून निवड करायची; हिस्टोग्रामच्या खिडकीत निवडलेल्या पिक्सेलांचा आकडा येतो. एक पिक्सेल 100 चौरस मीटरचा, म्हणून 10,000 पिक्सेल म्हणजे 1 चौरस किलोमीटर. मात्र चित्र यूटीएम 43 उत्तर या प्रक्षेपात आणि मूळ 10 मीटरच्या मापातच उतरवावं. वेबवरच्या नेहमीच्या नकाशांचं मर्केटर प्रक्षेप वापरलं, तर उजनीच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे दहा टक्के फुगतं. जेपीईजीही टाळावं, कारण ते काठाचे रंग बिघडवतं.

एवढं करून मिळतं ते पाण्याचं क्षेत्रफळ, टीएमसी नव्हे. साठा काढायचा तर खोलीही माहीत हवी, आणि ती या चित्रात नसते.