सेवाग्रामची माती

भवानी पेठेत राहणाऱ्या माणसाला सुताचे फारसे कौतुक उरत नाही. सकाळी रूपाभवानीच्या दर्शनाला निघावे, तो वाटेतल्या घरांतून मागांचा खडखडाट सुरू झालेला असतो. मराठीइतकीच तेलुगूही कानावर पडते आणि कुठल्या तरी दारात रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत असतात. अशा पेठेतल्या माणसाने रात्रभर प्रवास करून, सूत कातणाऱ्या एका महात्म्याची झोपडी पाहायला वर्ध्याला जावे, याचे आमच्या सौभाग्यवतींना नवल वाटले. "इथे सूत काय कमी आहे?" असे त्यांनी विचारलेही. पण मी सूत पाहायला निघालो नव्हतो. माती पाहायला निघालो होतो. कॉलेजातली चौदा मुलेमुली बरोबर होती आणि मे महिन्यातले चार दिवस सेवाग्रामला श्रमदान करायचे ठरले होते.

वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी इथे आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. जमनालाल बजाज यांची तिथे मालगुजारी होती. जमीन त्यांनीच दिली. तिकडे बुलढाण्याकडे गजानन महाराजांचे शेगाव आहेच. त्यामुळे पत्रांचा घोटाळा होऊ लागला आणि 1940 साली या गावाचे सेवाग्राम झाले. मीराबेन आधीच इथे येऊन राहिल्या होत्या. घर बांधायचे तर खर्च अगदी बेताचा व्हावा आणि माणसे व साहित्य आसपासचेच असावे, अशी गांधीजींची अट होती. त्या अटीत बसलेले पहिले घर म्हणजे आदि निवास. सुरुवातीला सगळे त्या एकाच छपराखाली राहत. कस्तुरबांची अडचण होते हे पाहून जमनालालजींनी त्यांच्यासाठी बा कुटी बांधून दिली. आज ज्या झोपडीला बापू कुटी म्हणतात, ती मुळात मीराबेनची. भिंतीवरची मातीची उठावाची ताडाची झाडे आणि चरखा त्यांच्याच हातचा.

आपण स्मारक पाहायला जातो ते उंच चबुतरा आणि संगमरवर मनात धरून. इथे पाहिले तर एका नीटनेटक्या शेतकऱ्याचे आवार! कौलारू छपरे, कुडामातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, गोठा आणि पलीकडे शेत. अंगणात गांधीजींनी 1936 साली लावलेला पिंपळ. एका बाजूला परचुरे कुटी. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. व्हाइसरॉयला तातडीने बोलता यावे म्हणून सरकारने बसवलेला दूरध्वनी आहे. आणि साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी केलेला लाकडी चिमटा व पिंजराही आहे. साम्राज्य आणि साप, दोघांचीही व्यवस्था एकाच अंगणात!

25 ऑगस्ट 1946 रोजी गांधीजी इथून दिल्लीला गेले, ते परत आले नाहीत. त्यालाही आता कैक वर्षे झाली. मातीची भिंत एवढी वर्षे कशी उभी राहिली, हे मला पाहायचे होते.

उत्तर पहिल्याच सकाळी मिळाले. पहाटेची प्रार्थना आटोपली आणि आम्हांला चिखल तुडवायला लावले. माती भिजवायची, तिच्यात कुटार आणि शेण घालायचे आणि पायाने एकजीव करायचे. भिंतीची जिथे पापुद्री सुटली असेल, तिथे ती खरवडून, पाण्याचा हात फिरवून नवा गिलावा द्यायचा. आमच्या मुलांनी चिखलाचे लोंदे थापायला सुरुवात केली, तशी शेजारी सारवणाऱ्या गावातल्या एक आजीबाई हसल्या.

"असं नाई गुरुजी. पातळ घ्या, अन् वाळू द्या. मंग दुसरा हात. जाड थापलं का तडकते."

"आजी, दर वर्षी करावं लागतं का हे?"

"हे का सिमेट होय? माती हाय. लेकराले जशी रोज आंघोळ घाला लागते, तशीच तिले."

दुसऱ्या दिवशीचे काम पावसाचे. भिंतींवर झड येऊ नये म्हणून शिंदीच्या पानांचे पडदे बाहेरून बांधतात. तिकडे त्यांना झांज्या म्हणतात. हे काम बोटांचे. आमच्यातली एक मुलगी भवानी पेठेतल्या मागवाल्याची. तिने दोन झांज्या पाहिल्या आणि तिसरी स्वतः बांधली. पान न् पान सारखे. मी कौतुक केले, तर म्हणाली, "सर, बाणा सैल पडला की कापड गेलंच. हेही तसंच आहे." चार वर्षे मी तिला अलंकार शिकवत होतो; उपमा तिने मला तिथे शिकवली.

तिथल्या एका वृद्ध सेवकांना मी विचारले, "काका, आतून सिमेंट आणि वरून मातीचा रंग दिला, तर कुणाला कळणार आहे?" ते म्हणाले, "पाहणाऱ्याला नाही कळणार. पण मग आम्ही इथे काय करायचं?"

या साध्या उत्तरात जतन करण्याचा सगळा अर्थ आहे. दगडी किल्ला एकदा डागडुजी करून कुलूप लावता येतो. मातीचे घर तसे ठेवता येत नाही. ते दर वर्षी थोडेथोडे नव्याने बांधावे लागते. म्हणजे इथे जपायच्या त्या भिंतींबरोबर भिंत लिंपणारे हात. इव्हान इलिच 1978 साली सेवाग्रामला आले आणि या कुटीत बसून राहिले. सामान ठेवण्याची जागा आणि माणसाचे घर यांतला फरक त्यांना इथे दिसला, असे ते पुढे बोलले.

पण तो हात आता दुर्मीळ होत आहे. आजीबाईंची सून लिंपत नाही. तिचे स्वतःचे घर पक्के झाले आहे आणि तिला दोष तरी कसा द्यावा? पक्के घर हे तिच्या सासूचे आयुष्यभराचे स्वप्न होते. आमच्या सोलापुरात 1877 साली निघालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. त्या गिरणीत राबणाऱ्यांचे कसबही त्यांच्याबरोबर गेले. विद्या अशी कुणाच्या लक्षातही न येता जाते. म्हणून चार दिवसांसाठी येणाऱ्या आमच्यासारख्या हौशी मंडळींचा खरा उपयोग भिंतीला थोडा आणि आम्हांलाच जास्त. चौदापैकी दोघांना जरी गिलावा देता येऊ लागला, तरी प्रवासखर्च वसूल झाला, असे मी समजतो.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे सेवाग्रामला जातात. तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि अंगण प्रसन्न दिसते. जरूर जावे. पण जमले तर एकदा मे महिन्यात जावे, मुलांना बरोबर न्यावे आणि मळला तरी चालेल असा एक जोड पिशवीत टाकावा.