पट्ट्याची उत्तरेकडची कड

नकाशांच्या पुस्तकात हिंदी महासागरावरचा पावसाचा पट्टा सलग, रेखीव असतो. पण जुलैतल्या कुठल्याही एका दिवसाचं उपग्रह चित्र उघडा, तो सापडत नाही. इथे चार पुंजके, तिथे दोन, मध्ये शेकडो किलोमीटर मोकळा समुद्र. रेखीवपणा ही सरासरीची करामत. अंदाज वर्तवणाऱ्याला रोजचा विसकटलेला पट्टाच वाचावा लागतो.

वाचताना पांढऱ्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. इन्फ्रारेड चित्र ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतं, पाऊस नाही. खाली सरी थांबल्या तरी वर पसरलेला बर्फकणांचा थर तासन्‌तास पांढराच दिसतो. म्हणून मी एका चित्रावर कधी बोलत नाही. दर अर्ध्या तासाची चित्रं ओळीने फिरवते. माथा अजून गार होतोय, कड धारदार आहे, तर ढग जोरात आहे. कड पिंजलेल्या कापसासारखी झाली की त्याचा जोर संपला.

हे झालं तासांचं. दिवसांचं गणित पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले डी. आर. सिक्का आणि बेंगळुरूच्या सुलोचना गाडगीळ यांनी 1980 मध्ये मांडलं. 1973 ते 1977 च्या उपग्रह चित्रांतून त्यांनी रोज सर्वांत दाट ढग कोणत्या अक्षांशावर आहेत ते टिपलं. भारतावरचा पट्टा विरतो, विषुववृत्ताजवळ समुद्रावर दुसरा उभा राहतो आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेला चढतो. वेग साधारण दिवसाला एक अंश, म्हणजे 110 किलोमीटर.

मात्र एकही ढग एवढं अंतर चालत नाही. पट्ट्याखालचा समुद्र सावलीने आणि वाऱ्याच्या घुसळणीने निवतो. उत्तरेला आभाळ मोकळं असतं, पाणी तापतं, खालच्या थरात बाष्प गोळा होतं. पट्टा दक्षिणेला मोडतो आणि उत्तरेला नव्याने उभा राहतो. त्यामुळे माझी नजर दाट भागावर कमी, त्याच्या उत्तरेच्या कडेवर जास्त असते.

पावसातला खंड लांबला की फोन सुरू होतात: “मॅडम, पाऊस कधी?” पाच अंश चढलेला पट्टा पुढचे पंधरा चढेलच असं नाही, काही समुद्रावरच विरतात, काही पूर्वेला सरकतात. उत्तरेच्या कडेवर सलग काही दिवस नवे पुंजके उठले, तरच मी “पुढच्या आठवड्यात” म्हणते. तारीख सांगत नाही.