जुन्या वाशांचं खुराडं

पावसात भिजलेलं लाकूड उघडीप मिळताच सुकलं, तर ते वर्षानुवर्षं टिकतं. जिथे ते सुकू शकत नाही, तिथे बुरशी धरते. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. अशा मुलखात मी जुन्या घरांच्या लाकडाची खुराडी बांधतो, आणि पाणी कुठे अडेल याचा विचार करवत हातात घेण्याआधीच करून ठेवतो.

लाकडाला तोटा नाही. गावोगाव मातीची घरं उतरवून स्लॅबची उभी राहताहेत. वासे, रिपा, दारांच्या चौकटी मांगरामागे ढिगाने पडतात आणि हळूहळू न्हाणीच्या चुलीत जातात. ऐन, किंजळ, फणस, क्वचित साग. कैक वर्षं छपराखाली काढल्यामुळे हे लाकूड आकसायचं तेवढं आकसलेलं असतं, पीळ पडायचा तोही पडून गेलेला असतो. वखारीतल्या ओल्या फळीचा असा भरवसा देता येत नाही.

वासा हातात आला की आधी टोकं बघायची. भिंतीत बसलेलं टोक ओल धरून गेलेलं असतं, मधला भाग मात्र कणखर. चाकूचं टोक दाबून सहज आत गेलं, तर तेवढा तुकडा कापून टाकायचा. हातोडीने ठोकलं की निरोगी लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. सागाचा बाहेरचा पांढरट भाग वाळवी आधी खाते; तो मी तासून काढतो आणि गाभा तेवढा ठेवतो. मग लोहचुंबक फिरवायचं, कारण आत मोडलेला एखादा खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. जुना ऑइलपेंट लागलेली चौकट मी घेतच नाही. त्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोंबडी दिसेल त्याला चोच मारते.

माझा सगळ्यात जास्त वेळ चार पायांवर जातो. लाकूड बाजूने पितं त्याच्या कितीतरी पट पाणी शिरांच्या उघड्या टोकातून पितं. म्हणून पाय मातीत पुरायचा नाही. जांभ्याच्या चिऱ्यावरही ठेवायचा नाही, चिरा स्वतःच पाणी धरून बसतो. खाली काळ्या दगडाचा तळखडा हवा, आणि त्याचा माथा किंचित उतरता घडवलेला हवा. पायाचं कापलेलं टोक मी जवसाच्या तेलात उभं ठेवतो. पिईल तेवढं पिऊ देतो. खुराडं असं जमिनीपासून दोन फूट उचललं की वाळवीला दगडावरून मातीची नळी बांधत वर यावं लागतं. ती नळी डोळ्यांना दिसते आणि झाडूने मोडता येते.

खालच्या आडव्या पट्टीची कूस पायातल्या खाचेत बसते, आणि ती कितीही घट्ट बसली तरी तिथे पाणी शिरणारच. काही जण त्यावर लांबी भरतात. लांबीला केसाएवढा तडा गेला की आत गेलेलं पाणी आतच राहतं. मी खाचेच्या तळातून खाली आणि बाहेर उतरणारं, करंगळीहून बारीक भोक गिरमिटाने पाडतो. पाण्याला वाट मिळाली की सांधा सुकतो. त्यापुढे लांबी, रंग, पॉलिश हे सगळं मला दुय्यम वाटतं. लोखंडी खिळ्याचाही मोह टाळावा. तो गंजतो आणि त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग पडतात, तरी तेच वापरावेत.

फळ्या उभ्या लावायच्या, खालची कड बाहेर उतरती कापायची, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. झड पश्चिमेकडून येते, म्हणून ती बाजू बंद आणि कौलांची वळचण तिकडे हातभर पुढे. दार पूर्वेला. वळचणीखाली वीतभर जागा उघडी सोडून अर्ध्या इंची वेल्डेड जाळी मारायची. मुंगूस आणि मोठा उंदीर दोघंही त्यातून येत नाहीत. पावसाळ्यात खुराड्याला ताडपत्री गुंडाळण्याची रीत मला मुळीच पटत नाही. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो, पक्षी आजारी पडतात आणि लाकूड आतून कुजतं.

जुन्या लाकडाची खरी अडचण एकच, खिळ्यांची भोकं आणि भेगा. कोंबडीचं रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा त्यांत लपतात आणि रात्री बाहेर पडतात. म्हणून भोकं चुन्याने बुजवायची आणि बसायची दांडी काढता-घालता येईल अशी ठेवायची. ती उन्हात टाकता येते, घासता येते.

घर उतरवत असाल, तर वासे फोडून सरपणाला लावण्याआधी एकदा चाकू घेऊन बसा किंवा सुताराला बोलवा. दोन्ही टोकं गेलेल्या वाशाचेही मधले पाच-सहा फूट बहुतेक वेळा शाबूत निघतात. परसातल्या खुराड्याच्या एका पायाला आणि एका आडव्या पट्टीला तेवढं लाकूड पुरतं.