मेणाचा ठोकळा

वाचकहो, असा प्रसंग आपल्या घरी कधी न येवो. पण आलाच, तर आमची झालेली धांदल आपणांस उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

माझ्या थोरल्या बंधूंनी जन्मात विडीला हात लावला नव्हता. तरी त्यांच्या फुफ्फुसात कर्करोग निघाला. सुईने काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला होता. त्यावरून जनुकांची तपासणी करावी, असे डॉक्टर म्हणाले. ईजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या गाठी गेफिटिनिबच्या गोळीने आकसतात, हे २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडील ॲडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात हा बदल आढळतो.

दादा खर्चाला भ्याले. एका जनुकाच्या तपासणीस काही हजार लागतात. अनेक जनुके एकदम पाहावयाची तर खर्च कैक पटींनी वाढतो. "गोळी स्वस्त आणि तपासणी महाग! मग गोळीच घेऊन पाहू की," असे ते म्हणाले, आणि खरे सांगावयाचे तर मलाही ते पटले होते. परंतु बदल नसलेल्यांना त्या गोळीपेक्षा केमोथेरपीच अधिक गुणकारी ठरते, हे पूर्व आशियातील रुग्णांवरील चाचणीतून २००९ साली सिद्ध झाले आहे. डॉक्टरांनी हे सांगताच वहिनी म्हणाल्या, "पैसे पुन्हा मिळतील. वाया गेलेले दोन महिने कोण देणार?"

पुढे निराळेच घडले. ठोकळ्यात पेशी पुरेशा निघाल्या नाहीत. मग रक्त तपासले. बदल नाही, असा अहवाल आला. मी तर केमोथेरपीची तारीखही ठरवून आलो. तेव्हा डॉक्टरांनी मला थांबविले. गाठीतून सुटलेले जनुकांचे सूक्ष्म तुकडे रक्तात शोधतात. गाठीने ते सोडलेच नाहीत, तर दिसणार काय? बदल असलेल्या दहांपैकी सुमारे तिघांत तो रक्तात सापडत नाही. 'आहे' या उत्तरावर भिस्त ठेवता येते, 'नाही' वर तशी येत नाही.

पुन्हा सुई टोचली, पुन्हा पैसे भरले. बदल सापडला.

मुलांचीही तपासणी करावी काय, असे वहिनींनी भीतभीत विचारले. हा बदल गाठीत उपजलेला आहे, वारशाने आलेला नव्हे, हे ऐकून त्यांच्या जिवात जीव आला.

गोळी सुरू होऊन पाच महिने झाले. अंगावर पुरळ आहे, खोकला मात्र उतरला आहे. गाठ पुढे कधीतरी औषधाला दाद देईनाशी होते, हे दादांना ठाऊक आहे. त्यांनी रुग्णालयातून तो दुसरा ठोकळा मागून आणला आणि घराच्या खरेदीखताशेजारी कपाटात ठेवला आहे.