नसलेल्या खांबाला वळसा

बाबांचा डबा घेऊन लालबागला गिरणीच्या दरवाजाशी उभा राहिलो, की भिंतीवरून एक जाडजूड पाइप दिसायचा. बॉयलरकडून रंगखात्याकडे सरळ निघालेला, मध्येच चौकोनी वळसा घालून पुन्हा आपल्या रेषेत आलेला. वाटेत ना खांब, ना झाड. बाबा तिथेच फिटर. विचारलं तर म्हणाले, ''वाफ आली की तो लांब होतो. जाईल कुठे? त्या वळशात मावतो.''

हिशेब पुढे शिकताना कळला. 100 मीटर लोखंडी पाइप 30 अंशांवरून 170 वर गेला की साधारण 17 सेंटीमीटर वाढतो. सरळ पाइप दोन्हीकडून आवळला तर गास्केट तरी फाटणार, नाहीतर भिंतीतला टेकू उखडणार. म्हणून टोकं घट्ट, मधला पाइप रोलरवर मोकळा, आणि वळसा.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. बॉयलर विझले. एकदा पुलाच्या कठड्याला टेकून बाबा म्हणाले, ''गार पडून आखडला असेल.'' संपाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलं ते एवढंच.

तेव्हापासून पूल आला की माझी नजर आधी पाइपाकडे जाते. दादरचा टिळक पूल असो, करी रोडचा असो. पुलावरच्या पाइपाची गोष्ट जास्त अवघड. पूल उन्हाने सरकतो, पाण्याने भरलेला पाइप मात्र थंडच. त्यात आपल्याकडे पाणी ठरल्या वेळी येतं. ते गेलं की रिकामा पाइप दुपारी तापतो. दोघांचं वेळापत्रक जुळत नाही. म्हणून पुलाला जिथे सांधा, तिथे पाइपालाही लवचीक जोड लागतो. तानसा तलावाहून येणारे मोठे नळ जमिनीवरून धावतात. तसला पोलादी नळ 20 अंशांनी तापला तर किलोमीटरमागे 24 सेंटीमीटर वाढेल. बाबांना हा आकडा आवडला असता.

आता राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर सोलर हीटर बसला. प्लंबरने सीपीव्हीसीचा 20 मीटर पाइप क्लॅम्पांनी कठड्याला छान आवळला. दिसायला सुरेख! पण हे प्लॅस्टिक लोखंडाच्या पाचपट वाढतं. गरम पाण्याने चारेक सेंटीमीटर. वर्षभरात एल्बो गळू लागला. मी त्याला क्लॅम्प सैल करायला सांगितले आणि खडूने कठड्यावर वळसा काढून दाखवला.

तो बराच वेळ बघत राहिला. ''काका, इथे आडवं काहीच नाही. चार एल्बो जास्त लागतील.''

''लागू देत,'' मी म्हटलं.