चरे आणि चकाकी

दुरुस्तीला आलेलं जुनं एचएमटी घड्याळ हातात घेतलं की मी आधी त्याच्या काचेवर मधोमध पाण्याचा एक थेंब सोडतो. कडेला नाही, तिथून पाणी आत उतरू शकतं. तबकडी धुरकट असते, आकडे पुसट. थेंबाखालचा भाग लख्ख दिसला, की मला हायसं वाटतं. काच आतून शाबूत आहे, फक्त वरचा थर बारीक चऱ्यांनी भरलाय. त्या चऱ्यांवर प्रकाश विखुरतो. पाण्याने ते भरले, की तो पुन्हा बराचसा सरळ आत जातो.

एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला. 'जनता'सारख्या चावीच्या घड्याळावरची काच अ‍ॅक्रिलिकची असते. ती मऊ, म्हणून रोजच्या वापरात चटकन चरे पडतात; पण घड्याळ पडलं तरी सहसा ठिकऱ्या उडत नाहीत. १९६९ मध्ये चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरवरही अ‍ॅक्रिलिकच होतं. आणि मऊ आहे म्हणूनच ते हाताने पुन्हा नितळ करता येतं.

आधी घड्याळाचं मशीन बाहेर काढून ठेवतो. चरे खोल असतील तर हजार नंबरचा वॉटर पेपर, मग पंधराशे, मग दोन हजार, प्रत्येक वेळी पाण्यात भिजवून. नंबर बदलला की घासण्याची दिशाही बदलायची: आधी आडवं, मग उभं. त्यामुळे मागच्या कागदाचे चरे गेले की राहिले, ते भिंगातून कळतं. या टप्प्यावर काच पहिल्यापेक्षा पांढरी दिसते. गिऱ्हाईक समोर बसलं असेल तर त्याचा जीव खालीवर होतो. मला मात्र कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. तो पांढरेपणा एकसारखा झाला, की सुती फडक्यावर पॉलिश घ्यायचं आणि गोल गोल घासत राहायचं. हलके चरे साध्या पांढऱ्या टूथपेस्टनेही जातात. मोटरवरचं बफ मी वापरत नाही. तापलं की अ‍ॅक्रिलिक मऊ पडून ओढलं जातं. स्पिरिटचा बोळा तर जवळही आणू नये, त्याने केसासारख्या भेगा फुटतात.

एखादा चरा फार खोल असतो. "तेवढा काढाच," असा आग्रह होतो. मी नाही म्हणतो. फक्त तिथेच घासलं तर खळगा पडतो आणि खालचा आकडा वाकडा दिसू लागतो. सगळीकडून तेवढा थर उतरवला तर काच पातळ होते.

कडेने भेगांचं जाळं पसरलं असेल, तर मात्र घासून उपयोग नाही. ती काच बदलावीच लागते. तेव्हा बाजारातली हाताला लागेल ती न बसवता घुमटाची उंची आधी मोजून घेतो, कारण काच जरा बसकी निघाली तरी सेकंदकाटा तिला आतून घासतो आणि घड्याळ मागे पडायला लागतं.