दिवाळीत उरलेल्या मुली

बालगृहात सगळी अनाथच मुलं असतात, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या मुलींच्या बालगृहात तसं नव्हतं. आईबाप दोघंही नसलेल्या, किंवा ते कोण हेच कुणाला माहीत नसलेल्या मुली मोजक्या होत्या. बाकीच्यांना कुणी ना कुणी होतं. कुणाची आई ऊसतोडीला जायची, कुणाचा बाप दारूत बुडालेला, कुणाच्या आजीला सांभाळणं झेपत नव्हतं. बाप गेल्यावर आईनं दुसरं घर केलं आणि त्या घरात पोरीला जागा नव्हती, अशाही होत्या.

एरवी हा फरक जाणवत नसे. पहाटे उठणं, पाणी भरणं, प्रार्थना, शाळा, संध्याकाळी परवचा, सगळं एकसारखं. एकाच ताग्यातून शिवलेले फ्रॉक. सहामाही परीक्षा संपली, की मात्र फरक डोळ्यांसमोर उभा राहायचा. अधीक्षिकाबाईंच्या टेबलासमोर नातेवाइकांची रांग लागे. कुणी सही करी, कुणी अंगठा उठवी आणि पोरी पत्र्याच्या पेट्या घेऊन फाटकाबाहेर धावत सुटत. दोन दिवसांत आमचं दालन रिकामं व्हायचं. ज्यांना न्यायला कुणीच येणार नसे, अशा आम्ही मागे उरायचो.

मी एसटी स्थानकावर सापडलेली मुलगी. पोलिसांनी आणून सोडलं, बाल कल्याण मंडळाचा आदेश झाला, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दात बघून वय लिहिलं, अंदाजे तीन वर्षं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून पडली. नाव संस्थेनं ठेवलं, आडनावही दिलं.

दिवाळीत आम्हाला खाण्यापिण्याचं कमी कधीच पडलं नाही. गावातून डबे यायचे, चिवडा तर शाळा सुरू झाल्यावरही संपत नसे. कुणाच्या नातवाचा वाढदिवस असला की जिलबी यायची, आम्ही रांगेत उभं राहून गाणं म्हणायचो. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. पण ती तासाभरात निघून जायची आणि पुढच्या वर्षी आली, तरी आमच्यातली कोण कुठली हे त्यांना आठवत नसे.

थांबायची ती मावशी. ती आमची गृहमाता. तिचा स्वतःचा मुलगा गावाकडे सासूपाशी वाढत होता, तरी नरकचतुर्दशीला ती आमच्यातच असे. चुलवणावर पाणी तापवायची, एकेकीला पुढ्यात बसवून तेल चोळायची आणि चोळताना आमच्या गोष्टी सांगायची. ‘‘तू आलीस तेव्हा डांग्या खोकल्यानं बेजार होतीस. रातभर माझा पदर सोडला नाहीस. काही विचारलं की एकच बोलायचीस, यष्टी. पोरीचं नावच यष्टी ठेवावं, असं बाई म्हणाल्या होत्या.’’ दरवर्षी हेच. मी दरवर्षी म्हणायची, ‘‘मावशी, पुढचं सांग.’’ मग दुसरीचा नंबर लागे. कोण माती खायची, कुणाचा पहिला दात कुठं पडला, कोण झोपेत कुणाला हाक मारायची, सगळं तिला तोंडपाठ होतं. घरातल्या मुलांना हे आई, आजी, आत्या न विचारता ऐकवत असतात. आमच्याजवळ ते एकट्या मावशीपाशी होतं. माझी फाइल पुढे मी पाहिली. तिच्यात लशींच्या तारखा होत्या, वजन होतं, पण डांग्या खोकल्यातली ती रात्र नव्हती.

पुढे परिचारिका झाल्यावर कामाच्या निमित्तानं इतर बालगृहं पाहिली. इमारती सुधारल्यात, संगणक आलेत, कॅमेरे लागलेत. पण गृहमाता वर्षा-दोन वर्षांत बदललेली दिसते. काम रात्रंदिवसाचं आणि हातात पडणारा पैसा तुटपुंजा. कोण टिकेल? पोर एकीला सरावतं, तोवर दुसरी येते. मला विचाराल तर बालगृहावर पहिला खर्च या बाईच्या पगारावर व्हायला हवा. आणि ज्यांना एक पालक आहे, पण ऐपत नाही, त्यांची मुलं मुळात इथे यायलाच नकोत. बालसंगोपन योजनेतून अशा मुलामागे आता महिन्याला 2,250 रुपये मिळतात. ते वेळच्या वेळी हातात पडले, तर कितीतरी आया पोरांना घरीच ठेवतील.

मुलींसाठी अठराची रेघ 1986 च्या बाल न्याय कायद्यातही होती. 2000 च्या कायद्यानं मुलग्यांनाही तीच लावली आणि 2015 च्या कायद्यात ती कायम राहिली. अठरा भरली की बालगृह सोडायचं. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाची सोय आहे, पण अशी गृहं जिल्ह्याजिल्ह्यात नाहीत. 2018 पासून सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणात अनाथांना एक टक्का आरक्षण मिळालं, त्याचा आनंद मला मनापासून झाला. मात्र त्या नोकरीपर्यंत पोहोचेतो मधली तीन-चार वर्षं पोरीनं कुठे काढायची?

माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीचं लग्न संस्थेनं लावून दिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात सासूनं विचारलं, हिला पोचवायचं कुठे? बालगृहात सज्ञान बाईला ठेवता येत नाही. मावशी तेव्हा निवृत्त झाली होती. मुलाच्या दोन खोल्यांत राहत होती. तिनं सुनेला विचारलं आणि मैत्रिणीला घेऊन आली. डिंकाचे लाडू केले, बाळाला न्हाऊमाखू घातलं, सव्वा महिन्यानं साडीचोळी देऊन पाठवलं. दवाखान्याच्या कागदावर नातेवाइकाची सही तिचीच होती.

ती सही मी विसरू शकत नाही. रोज रुग्णालयात असे कागद माझ्या हातून जातात. वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालक हवा असतो, खोली भाड्यानं घ्यायची तर ओळखीचं कुणी हवं असतं, ताप आला तर कळवायला नंबर हवा असतो. म्हणून दिवाळी जवळ आली आणि ‘मुलांना काय देऊ?’ असा फोन कुणी केला, की मी सांगते, अठराला टेकलेल्या एका मुलीसाठी संस्थेत जाऊन बोला आणि तिच्या अर्जावर तुमचं नाव द्या. बहुतेक जण विचार करून सांगतो म्हणतात. एका निवृत्त शिक्षक जोडप्यानं मात्र ऐकलं. ती मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत त्यांच्याकडे जाते, काकूंच्या हाताखाली चकल्या पाडते, आणि परीक्षेत कमी मार्क पडल्यावर काका रागावले, तर आठवडाभर त्यांच्याशी बोलत नाही.